ओटीपीची हर्राशी

"मला गंडवील असा माणूस मानवत गावात अजून जन्मायचाय," असं शिवाप्पा दुकानाच्या कट्ट्यावर बसून रोज एकदा तरी म्हणत. आणि समोरचा मान हलवायच्या आत स्वतःच पुढं जोडून देत, "जे आधीच जन्मलेत त्यांचं गंडवून झालंय, ती बात अलग."

शिवाप्पांची उभी हयात मोंढ्यात शेतमालाची हर्राशी, म्हणजे लिलाव, पुकारण्यात गेली. कापूस असो, तूर असो, मूग असो, मोंढ्यात जे काही आलं त्याची बोली यांच्याच तोंडून चढली आणि यांच्याच तोंडून तुटली. आवाज असा, की यांनी मानवतात भाव पुकारावा आणि झरीच्या शेतकऱ्यानं तो आपल्या ओसरीवर बसून ऐकावा. (झरी किती लांब आहे ते मलाही ठाऊक आहे. तुम्ही नकाशा काढू नका.) शिक्षणाचं म्हणाल तर सातवीच्या परीक्षेला ते बसले होते एवढं नक्की. उठले कधी आणि पुढं काय झालं, हे घरात कुणी विचारायचं नाही असा रिवाज होता.

आता हर्राशी सुटली होती. पोराच्या किराणा दुकानाच्या कट्ट्यावर बसणं, येणाऱ्याजाणाऱ्याची टोपी उडवणं आणि नातीचं कौतुक करणं, एवढंच काम उरलं होतं.

नात म्हणजे वैजयंती. वनस्पतीशास्त्रात एम. एस्सी. झालेली. काळा झगा घातलेला तिचा फोटो दुकानात तेलाच्या डब्यांच्या वर टांगला होता आणि गिऱ्हाईक तेल मागायला आलं की शिवाप्पा आधी फोटो दाखवत, मग तेल. पोरीला पुढं पीएचडी करायची होती, आणि तीही कशावर? तर गाजरगवतावर! अख्खं गाव जे उपटून बांधावर फेकतं, ते ही पोरगी घरात आणून कुंडीत लावायची आणि त्याला पाणी घालायची. तिच्या वडिलांनी एक अट घातली होती. यंदा प्रवेश मिळाला तर ठीक, नाहीतर लातूरचं स्थळ पक्कं. मुलाचं टायरचं शोरूम होतं. वैजयंतीचं म्हणणं एवढंच, की टायरवर तिला काहीच संशोधन करायचं नाही.

प्रवेशासाठी एक प्रस्ताव लिहून द्यायचा होता आणि प्रस्तावासाठी ढीगभर लेख वाचायचे होते. एका सकाळी पोरगी लॅपटॉपपुढं डोक्याला हात लावून बसलेली दिसली.

"काय झालं गं?"

"आज्जा, माझं लायब्ररीचं खातं बंद झालं."

"कामून? काय फाडलंस?"

"फाडलं काही नाही. पास झाले."

"पास झालीस म्हनून हाकललं?"

"हाकललं नाही हो. नियमच आहे तसा. शिकत असेपर्यंत विद्यापीठ लॉगिन देतं, घरी बसून सगळे लेख फुकट उघडतात. पदवी हातात पडली की बंद."

"आन् नापास झाला तर?"

"त्याचं चालू राहतं. तो शिकतोयच ना अजून."

शिवाप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "मंजी नापासाला पुस्तकं आन् पासाला कुलूप! अगं, लगीन झालेली लेक बी पंचमीला म्हायेरी येती. हितं तर डिग्री हातात देऊन दारच लावून घेतलं की!"

"जुन्या विद्यार्थ्यांना तिथं जाऊन, लायब्ररीत बसून वाचता येतं म्हणतात. पण एसटीनं जाण्यायेण्यातच दिवस जाणार. विकत घ्यावा तर एकेक लेख…" वैजयंतीनं किंमत सांगितली.

आतून आजीचा, म्हणजे चन्नबसम्मांचा आवाज आला, "येवढ्यात तेलाचा डबा येतो. आन् डब्यात भजे तरी होतेत."

"मी लायब्ररीच्या मॅडमला एक फोन करून विचारते," वैजयंती म्हणाली.

इथं शिवाप्पांनी तो निर्णय घेतला. अगदी बारका निर्णय, मुगाच्या डाळीएवढा. "फोनबिन कराचा न्हाई! इचारलं की मानूस न्हाई म्हंतो. मोंढ्यात उमर काढली मी. मला एवढंच सांग, लॉगिन कुनाला भेटतं?"

"जो सध्या शिकतोय त्याला."

"मंग आपल्या घरात सध्या शिकायलाय कोन?"

कुणीच नव्हतं. थोरला नातू शिवप्रकाश पुण्यात नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. घरात नजर फिरवून फिरवून शिवाप्पांची नजर समोरच्या आरशात थांबली.

"मी शिकतो," शिवाप्पा म्हणाले.

विद्यापीठात ज्येष्ठ नागरिकांसाठी 'समाधानी जीवन' नावाचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम होता. लिहिता-वाचता आलं म्हणजे झालं, मागचा निकाल कुणी विचारत नव्हतं. (शिवाप्पांना हा अभ्यासक्रम खास आपल्यासाठीच काढलाय असं वाटलं.) शनिवारी एसटीनं जायचं, वर्गात बसायचं, संध्याकाळी परत.

"समाधानी जीवन म्हंजी काय शिकवतेत तिथं?" चन्नबसम्मांनी विचारलं.

"घरात गप कसं बसायचं ते."

"मंग नापास होताल."

"त्येच तर पायजे मला! नापासाचं लॉगिन चालूच ऱ्हातंय."

पंधरवड्यात शिवाप्पांच्या गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र आलं. अंगातला सदरा बदलायचा, पण ओळखपत्र बदलत नसे. अंघोळीलाही ते उतरवायचे नाहीत, चन्नबसम्मांनी प्लास्टिकची पिशवी बांधून दिली होती. आणि ओळखपत्राबरोबर आलं लॉगिन.

आता घरातल्या सगळ्या गोष्टींना मोबाईल नंबर एकच, वडीलधाऱ्याचा. गॅस, बँक, लाईट बिल, रेशन, सगळ्यांचे मेसेज शिवाप्पांच्या फोनवर. लॉगिनलाही साहजिकच तोच नंबर लागला. वैजयंती वरच्या खोलीत लॅपटॉपवर लायब्ररी उघडायची आणि ओटीपी यायचा खाली कट्ट्यावर, शिवाप्पांच्या खिशात. पोरीनं गॅलरीतून वाकून सांगितलं होतं, "आज्जा, आकडे आले की फक्त मला सांगा."

शिवाप्पांनी सांगितले. पण आकडा आणि शिवाप्पा यांचं नातं साध्या माणसासारखं नव्हतं. आकडा हळू बोलायची जीभच त्यांना देवानं दिली नव्हती, आणि एकदा सांगून थांबायचं तर मोंढ्यानं शिकवलंच नव्हतं. फोन वाजला, चष्मा चढला, छाती फुगली आणि मानवतचा रस्ता हादरला.

"आठ हजार तीनशे सव्वीऽऽस! आठ हजार तीनशे सव्वीस एक वाऽऽर! आठ हजार तीनशे सव्वीस दोन वाऽऽर!"

समोरून जाणाऱ्या हमालानं सवयीनं पोतं खाली ठेवलं. चहावाल्यानं गाळणी उचलली ती तशीच धरली. आणि राणीसावरगावहून बाजाराला आलेला एक भाबडा व्यापारी टपरीच्या बाकड्यावरून उठून हात वर करून ओरडला, "आठ हजार चारशे!"

"बस खाली!" शिवाप्पा गरजले. "हे पुस्तकाचं हाय!"

"पुस्तकाला येवढा भाव?" व्यापारी म्हणाला आणि आपण अजून कापसातच कशाला पडलोय या विचारात बाकड्यावर बसला.

वर वैजयंतीनं कानांवर हात ठेवले, पण आकडे बरोबर होते. लायब्ररी उघडली. आठवड्याभरात प्रस्तावाची पहिली पानं लिहून झाली आणि पोरीचा चेहरा उजळला. गोष्ट इथंच थांबली असती तर मी तुम्हाला ती सांगत बसलो नसतो.

कट्ट्यावर शिवाप्पांच्या शेजारी विष्णुपंत बसत. तहसीलमधून निवृत्त झालेले, शुद्ध बोलणारे, इंग्रजी वाचणारे. त्यांचं पोट ही मानवतातली सार्वजनिक बाब होती. ते साफ झालं का, हे दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे विचारत आणि विष्णुपंत सगळ्यांना तपशिलात उत्तर देत.

"शिवाप्पा," एक दिवस ते गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या त्या ग्रंथालयात बद्धकोष्ठावर काही असेल का हो?"

"असंल का म्हंजी? जगातलं समदं हाय त्याच्यात!" शिवाप्पांची मान ताठ झाली. उभ्या जन्मात पहिल्यांदाच एका शिकलेल्या माणसानं त्यांच्याकडं विद्या मागितली होती. "काडा तुमचा फोन. आकडा मी पुकारतो."

विष्णुपंतांना बद्धकोष्ठावर इतके लेख सापडले, की त्यांना आपण एकटे नाही या जाणिवेनं गहिवरून आलं. ते दिवसभर वाचायचे आणि संध्याकाळी कट्ट्यावर सारांश सांगायचे. पोट होतं तिथंच राहिलं, पण त्याबद्दल बोलायला नवे शब्द मिळाले.

मग आला महारुद्र. दुधाचा धंदा, दावणीला म्हशी, आणि त्यातली सगळ्यात दुधाळ म्हैस वर्ष झालं माजावर येत नव्हती. पुन्हा फोन, पुन्हा "एक वाऽऽर." विष्णुपंत इंग्रजी वाचून मराठीत अर्थ सांगू लागले.

"यात म्हटलं आहे, म्हशीला मानसिक ताण देऊ नये."

"म्हशीला कसला ताण, पंत? ताण तर मला हाय!"

"तिच्यासमोर ओरडू नये, असंही लिहिलं आहे."

महारुद्रानं शिवाप्पांकडं पाहिलं. "आप्पा, तुमी आकडे जरा हळू पुकारत जा. आमचा गोठा मागंच हाय."

असं सगळं आनंदात चाललं होतं. दसऱ्यानंतर एके दुपारी शिवाप्पांचा फोन वाजला.

"नमस्कार, शिवाप्पा आजोबा का? मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मैथिली बोलतेय, ग्रंथपाल."

शिवाप्पा कट्ट्यावरून उठून उभे राहिले. हात जोडावे तर फोन पडत होता.

"आजोबा, अभिनंदन! या वर्षी आमच्या ग्रंथालयाचे सर्वांत जास्त लेख वाचणारे वाचक तुम्ही आहात! प्राध्यापकांपेक्षाही जास्त. वाचन प्रेरणा दिनाला कुलगुरूंच्या हस्ते तुमचा सत्कार आहे. आणि आपण काय वाचलं यावर थोडं बोलायचं. येणार ना?"

"येतो की," शिवाप्पांच्या तोंडून गेलं. सत्काराला नाही म्हणायची सवय त्यांना नव्हती. (तशी संधीही आली नव्हती.)

वैजयंतीनं हे ऐकलं आणि ती पायरीवरच बसली. "आज्जा! तुम्ही तिथं काय बोलणार? एक प्रश्न विचारला की सगळं उघडं पडणार. खातं बंद होईल, माझे दोन लेख राहिलेत, आणि प्रस्तावाची शेवटची तारीख कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी आहे. वरून आपलं आडनाव एकच. मला कोण प्रवेश देणार मग?"

"लातूरला तरी घेतेत," चन्नबसम्मा गहू निवडता निवडता म्हणाल्या.

"घाबरू नको," शिवाप्पा म्हणाले. "चार शब्द पाठ करून ठोकून देतो."

मग शिकवणी सुरू झाली.

"म्हणा आज्जा, पार्थेनियम."

"पार्थ…"

"पार्थेनियम!"

"पार्थाला मधी कशाला आनायलीस गं? गाजरगवत म्हनलं तर काय बिघडतंय?"

"बरं, त्यानं काय होतं?"

"खाज येती."

"अॅलर्जी म्हणायचं."

"खाजच येती पन."

विष्णुपंतांनी आतड्याच्या चलनवलनावर व्याख्यान दिलं, त्यात शिवाप्पांना झोप लागली. महारुद्रानं फक्त एवढंच सांगितलं, "आप्पा, म्हशीचं नाव घेऊ नका तिथं. तिची लय बदनामी झालीय."

कार्यक्रमाच्या दिवशी पहाटेची एसटी धरून वरात निघाली. शिवाप्पा धुतलेल्या धोतरात, गळ्यात ओळखपत्र. विष्णुपंत इस्त्रीच्या सदऱ्यात. वैजयंती लॅपटॉप छातीशी धरून. सभागृहाच्या दारात ती म्हणाली, "आज्जा, मला बघवणार नाही. मी खाली बसते." शिवाप्पांना वाटलं पोरगी देव आठवायला निघाली.

सभागृह गच्च. मंचावर कुलगुरू, शेजारी मैथिली मॅडम. वय फार नव्हतं, पण चष्म्याच्या वरून बघायची पद्धत हेडमास्तरीणबाईंची होती. त्यांनी माईक घेतला.

"आपले आजचे सत्कारमूर्ती, वय पंच्याहत्तरीच्या पुढं. यांनी काय वाचलं नाही? गाजरगवत आणि त्याचा जमिनीवरचा परिणाम. वृद्धांमधील जुनाट बद्धकोष्ठ. आणि म्हशींमधील माजाच्या समस्या."

सभागृहात हसू फुटलं. तिसऱ्या रांगेत विष्णुपंतांनी रुमाल काढून तोंड पुसायला घेतलं आणि कार्यक्रम संपेपर्यंत पुसतच राहिले.

कुलगुरूंना मात्र खरंच कुतूहल वाटलं. ते पुढं वाकून म्हणाले, "आजोबा, या तीन विषयांचा एकमेकांशी काय संबंध?"

शिवाप्पांनी टोपी सारखी केली. पार्थ कुठं गेला ते आठवेना, आतडी कुणाची तेही आठवेना. समोर सगळी शिकलेली माणसं तोंडाकडं बघत होती. मग त्यांच्या समोर माईक आला, आणि माईक दिसल्याबरोबर मोंढा अंगात आला.

"संबंध न्हाई कसा सायेब? सोपा हिशोब हाय! रानात चारा जाऊन गाजरगवत माजलं. ते म्हशीच्या तोंडात गेलं, म्हैस बिघडली. म्हशीचं दूध आमच्या विष्णुपंतानी पिलं, विष्णुपंत बिघडले. आता तुमी निस्तं पंताचं पोट तपासताल तर काय उपयोग? वरून खाली धरून आना की! गवत उपटा एक वाऽऽर! म्हैस सुदरंल दोन वाऽऽर! पंत मोकळे तीन वाऽऽर!"

मग सभागृह असं उसळलं, की मागच्या खुर्च्या वाजल्या. कुलगुरू टाळ्या वाजवत उठून उभे राहिले. "यालाच म्हणतात आंतरविद्याशाखीय दृष्टी!"

शिवाप्पांना ती शिवी वाटली, पण टाळ्या चालू होत्या म्हणून त्यांनी ती गिळली.

शाल आली, नारळ आला. आणि मग मैथिली मॅडम पुन्हा माईकपाशी आल्या. "एवढं वाचलेल्या विद्यार्थ्याला वर्गात आणखी बसवणं योग्य नाही. त्यामुळे समितीनं ठरवलंय, की 'समाधानी जीवन' हा अभ्यासक्रम शिवाप्पा आजोबांनी विशेष प्रावीण्यासह पूर्ण केला असं मानून त्यांना आजच प्रमाणपत्र द्यावं!"

शिवाप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. सातवीपासून ज्या कागदाची वाट बघितली, तो सोनेरी काठाचा कागद हातात पडला. त्यांनी तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून चारी बाजूंना फिरवून दाखवला, कापसाचा नमुना दाखवावा तसा. फोटो निघाले. कागद खाली घेतला आणि खिशातला फोन वाजला.

चष्मा चढवून त्यांनी मेसेज वाचला. 'अभ्यासक्रम पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन. आपले ग्रंथालय खाते बंद करण्यात आले आहे.'

शाल खांद्यावरून घसरली. मंचाच्या मागं मैथिली मॅडमना त्यांनी अक्षरशः वाट अडवून गाठलं.

"मॅडम, हे वापस घ्या!"

"काय झालं आजोबा? नाव चुकलं का?"

"नाव बरूबर हाय, निकाल चुकला! मला नापास करा. हात जोडतो. आत्ताच्या आत्ता नापास करा!"

"विशेष प्रावीण्य मिळालेल्या माणसाला नापास कसं करणार?"

"आवो, दोन लेख ऱ्हायलेत पोरीचे! उद्या तारीख हाय. न्हाई झालं तर तिला टायरवाल्याच्या घरात देतेत!" आणि मग शिवाप्पांनी सगळं ओकून टाकलं. आपण एक ओळसुद्धा वाचलेली नाही, वाचली ती नातीनं, पंतांनी आणि पंतांच्या तोंडून महारुद्रानं, आपण फक्त आकडे पुकारले.

मैथिली मॅडमनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "वैजयंतीचे दोन्ही लेख मिळालेत आजोबा. ती सकाळपासून खाली लायब्ररीत बसलीय. जुन्या विद्यार्थ्यांना इथं बसून वाचता येतं, त्याला कुणाच्या लॉगिनची गरज नाही. तुमचं भाषण चालू होतं तेव्हाच तिनं प्रस्ताव पाठवूनही दिला, तसा मेसेज आलाय मला."

"तुमाला… ती ठावं हाय?"

"तुमच्या सत्काराचा फोन मी केला, त्याच संध्याकाळी तिनं मला फोन करून सगळं सांगितलं. रडत होती बिचारी. मीच म्हटलं, आजोबांच्या बसनं ये."

शिवाप्पा खुर्ची शोधून बसले. नारळ मांडीवर, कागद नारळावर. मग एकदम त्यांच्यातला मोंढा पुन्हा उसळला.

"मंजी तुमाला समदं ठावं होतं! आमी तुमचं लॉगिन गावभर वाटलं, म्हशीला बी वाचायला दिलं, हे ठावं असून तुमी शाल घातली, नारळ दिला, चार मान्सात कागद दिला? आवो मॅडम, अपराध केला तर सरळ माझं नाव काटायचं! हे सत्काराचं सोंग कशाला केलं?"

मैथिली मॅडमनी चष्म्याच्या वरून पाहिलं.

"नाव काटायचं तर समिती बसवावी लागते, कारण लिहावं लागतं, मग त्यात तुमच्या नातीचंही नाव येतं. आमच्याकडं माणसाला गुपचूप बाहेर काढायचा एकच सोपा रस्ता आहे, आजोबा. त्याला पास करून टाकायचं."